सुपरमार्केटच्या पंपावरचे पेट्रोल

ब्रिटनमध्ये गाडी घेतल्यावर मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता, की मोटरवेवरच्या (द्रुतगती महामार्गावरच्या) पंपावर शक्यतो थांबू नका, पेट्रोल सुपरमार्केटमध्ये भरा. टेस्को, सेन्सबरीज, अ‍ॅस्डा आणि मॉरिसन्स ही चार मोठी किराणा दुकाने येथे इंधनही विकत आली आहेत (मॉरिसन्सने आपले पंप 2024 मध्ये दुसऱ्या कंपनीला विकले), आणि देशातील एकूण पंपांच्या मानाने त्यांचे पंप थोडे असले तरी विक्रीतला त्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांना इंधन स्वस्तात विकणे परवडत होते, कारण एकेका पंपावर खप प्रचंड असल्याने लिटरमागे थोडा नफाही पुरत असे, शिवाय टाकी भरायला आलेला माणूस आठवड्याचा किराणाही तेथूनच नेत असे. त्यातही अ‍ॅस्डाने परिसरात सर्वांत कमी भाव ठेवण्याचे धोरण बरीच वर्षे पाळले. बाकीची सुपरमार्केटे तिच्याकडे पाहून आपला भाव ठरवत आणि स्वतंत्र पंपवालेही त्याच भावावर नजर ठेवून आपला आकडा बसवत. म्हणजे एका दुकानाच्या फलकावरून साऱ्या परिसराचा भाव ठरत असे, आणि माझ्या मते या व्यवस्थेचा खरा कच्चा दुवा हाच होता.

जुलै 2022 मध्ये पेट्रोल लिटरला 191 पेन्सच्याही (100 पेन्स म्हणजे 1 पौंड) वर गेले, तेव्हा युक्रेनच्या युद्धाचे कारण सगळ्यांना पटले होते. मात्र स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या ‘कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटी’ने जुलै 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून वेगळीच बाजू पुढे आली. 2019 ते 2022 या काळात सुपरमार्केटांचा सरासरी नफा लिटरमागे 6 पेन्सने वाढला होता. 50 लिटरच्या टाकीमागे हे 3 पौंड होतात; देशभरातील वाहनचालकांना एकट्या 2022 मध्ये याचा सुमारे 90 कोटी पौंडांचा भुर्दंड पडला. अ‍ॅस्डाने 2023 साठी ठरवलेले नफ्याचे उद्दिष्ट 2019 च्या तिपटीहून अधिक होते, तर मॉरिसन्सने आपले दुप्पट केले होते. टेस्को आणि सेन्सबरीज यांनी भाव खाली खेचण्याऐवजी त्यांच्या मागे जाणे पसंत केले. यासाठी कोणी बंद दाराआड संगनमत करण्याची गरजच नव्हती. जो सर्वांत स्वस्त विकत होता त्याने हात आखडता घेताच इतरांवरचा दाब आपोआप ओसरला. डिझेलच्या बाबतीत तर ठोक भाव उतरल्यानंतरही 2023 च्या पहिल्या काही महिन्यांत पंपावरचे आकडे फार सावकाश खाली आले, आणि ज्यांचे पोटच व्हॅनवर चालते अशा कारागिरांना व सामान पोहोचवणाऱ्यांना त्याची झळ सर्वाधिक बसली, याचे मला आजही वाईट वाटते.

अहवालातील शिफारशीनुसार, भाव बदलल्यावर प्रत्येक पंपाने तो अर्ध्या तासात कळवावा असा नियम आता झाला आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी मोबाइलवर आसपासचे भाव पाहता येतात. आमच्या गावात सुपरमार्केटचा एकच पंप आहे, शेजारच्या गावात दोन आहेत, आणि तेथे लिटरमागे दोन-तीन पेन्स कमी पडतात. कामानिमित्त तिकडे जायचे असेल त्या दिवशी मी टाकी तिकडेच भरतो. ज्यांचे तिकडे काही काम नसते, ते शेजारी आजही फलकावर दिसेल तो भाव देऊनच परत येतात.