श्टुटगार्टमध्ये चढलेली कोर्टाची पायरी

गेल्या नोव्हेंबरात कंपनीने मला नारळ दिला. सहा वर्षं ब्रेकचं टेस्टिंग केल्यावर. इथल्या मोटार कंपन्यांची आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची काय अवस्था आहे ते तुम्ही पुण्यात बसून वाचताच. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

पत्र दुपारी एक माणूस घरच्या पत्रपेटीत टाकून गेला. ई-मेलवर काढून टाकलेलं इथे जर्मनीत चालत नाही, कागदच लागतो आणि त्यावर शाईची सही. तो कागद मी फ्रीजला चुंबकाने लावला आणि दोन दिवस येताजाता नुसता बघत राहिले. साहेबांना भेटावं, विनंतीची मेल लिहावी, एवढंच सुचत होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकतच मी मोठी झाले, आणि आमच्या घरात तर त्याचा अनुभवच होता. चिंचवडला बाबांना कारखान्यातून कमी केलं, ती केस ११ वर्षं चालली.

इथे २० वर्षं असलेल्या सोलापूरच्या एका ताईंना फोन केला. त्यांनी धीर वगैरे नंतर दिला. पहिला प्रश्न, "पत्र पेटीत कोणत्या तारखेला पडलं?" कारण त्या दिवसापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावला नाही, तर नोटीस कितीही चुकीची असली तरी ती वैध धरली जाते. साहेबांना मेल पाठवल्याने ही मुदत थांबत नाही. शिवाय तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं, आणि नोकरी संपली की दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं. ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा माझा परवाना, त्याच दिवशी रद्द होत नाही, पण ते कार्यालय त्याची मुदत कमी करू शकतं. एचआरने आधी 'परस्पर संमतीने' नोकरी सोडण्याचा एक कागद पुढे केला होता. त्यावर सही केली असती तर १२ आठवड्यांचा बेकारभत्ता जाऊ शकला असता, हेही ताईंकडूनच कळलं. तुमच्यापैकी कुणाची मुलं इथे असतील तर त्यांना एवढं तरी सांगून ठेवा: घाईत सही करू नका.

माझ्याकडे कायदेशीर मदतीचा विमा नव्हता, आणि मी युनियनमध्येही नव्हते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी इगे मेटाल या युनियनचा सभासद, त्याला युनियनने वकील दिला. वकील केला आणि जिंकलो, तरी पहिल्या कोर्टात त्याची फी ज्याची त्याने भरायची असते. पण त्या कोर्टात वकील लागतच नाही, आणि दावा लिहून घ्यायला तिथेच एक खिडकी असते. रेख्ट्सआन्ट्राग्सश्टेले. हा शब्द मला धड म्हणताही येत नव्हता.

तिथल्या बाईंबद्दल मला भरभरून लिहायचंय. पन्नाशीच्या असाव्यात, चष्मा साखळीला अडकवलेला. सुरुवातीलाच म्हणाल्या, "मी सल्ला देऊ शकत नाही, फक्त लिहून घेते." नोटीस बघितली, पत्र कधी मिळालं ते विचारलं, कामावर कधी रुजू झाले, पगार किती, कंपनीत माणसं किती. दहापेक्षा जास्त आहेत ना, हे दोनदा विचारलं, कारण त्याहून लहान ठिकाणी नोकरीचं हे संरक्षण मिळत नाही. माझं जर्मन अडखळलं की थांबायच्या, वाक्य पुरं करून द्यायच्या नाहीत, मला शोधू द्यायच्या. शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुम्हाला हेच म्हणायचंय ना?" एक पान. मी सही केली, त्यांनी शिक्का मारला. आगाऊ एक सेंटही मागितला नाही.

तडजोडीची तारीख डिसेंबरात पडली. खोलीत एकच न्यायाधीश, वय माझ्याएवढंच. त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, हेच काम करणाऱ्यांतून यांनाच का निवडलं? किती वर्षं नोकरी, वय किती, घरी पोसायला किती जण, अपंगत्व आहे का, हे बघून कुणाला काढायचं ते ठरवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आलेला, एकटा राहणारा मुलगा कंपनीने ठेवला होता. वकील कागद चाळत राहिला.

बाहेर त्या सहकाऱ्याने सहज विचारलं, तुमच्याकडे कामगारांना असे हक्क नसतील ना? मला ते लागलं. म्हटलं, नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आणि बाबांच्या प्रत्येक तारखेला अर्धी चाळ त्यांच्यासोबत जायची. त्या खोलीत माझ्या बाजूला एकही माणूस नव्हता.

मी तडजोड केली. इथला दावा खरं तर नोकरी परत मिळवण्यासाठी असतो, आणि लढायला हवं होतं असं काही जण म्हणाले. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे अर्धा पगार असा इथे ढोबळ हिशेब करतात, म्हणजे सहा वर्षांचे तीन पगार. मला साडेचार मिळाले, आणि चांगलं प्रशस्तिपत्रक. मुलगी पहिलीत आहे, कार्डाची टांगती तलवार आहे. ज्यांनी मला नको म्हटलं, त्यांच्याकडे रोज सकाळी जायची माझी तयारी नव्हती. मी घाबरून माघार घेतली नाही.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. पैशांचं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचा दावा वकिलाने इंग्रजीत लिहिला होता. त्यात आपल्या नावावर काय लिहिलंय हे त्यांना ११ वर्षांत कुणी वाचून दाखवलं नाही. "त्या बाईंनी तुला वाचून दाखवलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, त्या पानाचा फोटो पाठव. जर्मन त्यांना येत नाही. मी पाठवला.