काकूचं नाव शेतकऱ्यांच्या यादीत नव्हतं

आज गावातल्या नऊ जणींसोबत सोयाबीन बियाण्याच्या ट्रेनिंगला गेले होते. नाव लिहिताना सातबारा मागितला, आणि आठ जणींचा सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. चाळीस वर्षं निंदणी, खुरपणी, सोंगणी केलेल्या माझ्या काकूपुढे "गृहिणी" लिहिलं गेलं. फार लागलं मला ते.

पण पुढे मॅडमनी उगवण तपासायला घेतली, 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, 70 उगवले तर बियाणं पेरायला चालतं, तेव्हा काकू हळूच म्हणाली, "आम्ही बियाण्याचं मशीनात घालतच नाही, काठीनं बडवतो, सालपट नाजूक असतं ना." मॅडम थांबल्या, म्हणाल्या अगदी बरोबर, मळणीयंत्र जोरात फिरलं की दाण्याला मार बसतो आणि उगवण घटते, पोत्यांची उंच थप्पीपण लावायची नाही. मग अर्धा तास काकूच बोलत होती आणि मॅडम वहीत लिहून घेत होत्या!! हे संशोधनच आहे की. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता देशी वाणांची बँक उभी करतात, 2020 ची पद्मश्री मिळवतात, ते असंच जपत जपत झालंय ना.

आमच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला 1986 ला शेतकरी बायकांचं अधिवेशन झालं, नंतर शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली. आमच्या घरात ते राहूनच गेलं. येताना काकांना फोन केला, ते "बघू" म्हणाले. मी सोमवारी दोघांना घेऊन तलाठी ऑफिसला जाणार आहे, कोणी नाव लावून घेतलं असेल तर कुठली कागदपत्रं लागली सांगा प्लीज.