भाऊ, पऱ्हाटीला कोणतं खत टाकू?

रोहिणी संपून मृग लागला की माझा फोन सुरू होतो. सोयरे, गावातले, बहिणीच्या सासरकडचे, आणि प्रश्न ठरलेला, भाऊ पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, कोणतं खत टाकू, दहा-सव्वीस (१०:२६:२६) बरं की डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट)? मी हिंगणघाटकडचा साधा कास्तकार, शेतकीची डिग्री वगैरे काही नाही, फक्त खताची बिलं आणि वावराची वही जपून ठेवायची सवय आहे म्हणून लोकं विचारतात. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, फोनवर मागून ट्रॅक्टर चालू असतो आणि अर्धं ऐकूच येत नाही.

मी उलट विचारतो की जमीन कोणती, पाणी आहे का, आणि पिशवीवरचे आकडे वाचता का. बहुतेक जण आकडे नावासारखे बोलतात, दहा-सव्वीस, वीस-वीस, पण तो हिशोब आहे. १०० किलोत किती किलो नत्र (नायट्रोजन), किती स्फुरद (फॉस्फरस), किती पालाश (पोटॅशियम). पोतं ५० किलोचं म्हणून निम्मं करायचं. डीएपीच्या (१८:४६:०) एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, पालाश शून्य. १०:२६:२६ मधे ५, १३, १३. सुपर फॉस्फेटमधे ८ किलो स्फुरद आणि वरून साडेपाच किलो गंधक. युरियाचं पोतं आधी ५० चं होतं, २०१८ पासून ४५ चं झालं, त्यात साधारण २०.७ किलो नत्र.

आता बागायती बीटी कपाशीला हेक्टरी १२०:६०:६० धरा. म्हणजे एकरी ४८ नत्र, २४ स्फुरद, २४ पालाश. दोन पोते दहा-सव्वीस टाकले की स्फुरद पालाश झालं, नत्र फक्त १० आलं, उरलेलं ३८ किलो युरियातून, म्हणजे दोन पोत्यांच्या आतच. हेच दुसऱ्या रस्त्याने करायचं तर तीन पोते सुपर, ४० किलो पोटॅश (पालाशचं खत) आणि सव्वादोन-अडीच पोते युरिया. झाडाला पिशवीचा रंग माहीत नसतो हो, त्या दिवशी ज्या रस्त्याने एकरी खर्च कमी पडेल आणि जो माल खरंच दुकानात असेल तो घ्या. माझं स्वतःचं मत सुपरच्या बाजूने आहे, गंधक फुकटात मिळतं, तीन पोते वाहून न्यायचा त्रास मात्र आहे आणि लोकं जुनाट खत म्हणून नाक मुरडतात ते वेगळं.

जमिनीचा विषय मी मुद्दाम लांबवतो. आमच्याच गावात एक चुलते आहेत, त्यांचं वावर टेकाडावरचं बरड, हातभर खाली मुरूम लागतो, आणि नाल्याच्या कडेला दुसऱ्या एकाचं काळं भारी वावर. एका वर्षी दोघांनी एकाच गाडीत एकच खत आणलं, एकरी तितकेच पोते. ऑगस्टमधे पावसाने मोठा खंड दिला आणि बरडावरची पऱ्हाटी ढेपाळली, पाते (फुलाच्या कळ्या) गळले, भारी जमिनीतली मात्र तग धरून राहिली कारण खालची ओल होती. चुलते अजून म्हणतात खत डुप्लिकेट होतं. माझ्या मते खत बरोबर होतं, त्या जमिनीत ते विरघळवायला पाणी नव्हतं. कोरडवाहू आणि हलकी जमीन असेल तर वरच्या आकड्याच्या निम्म्यावर थांबा, बाकीचा पैसा खिशात राहू द्या, पाऊस चांगला झाला तर युरियाचा एक हात वाढवता येतो, पण टाकलेलं परत काढता येत नाही.

वेळ आणि जागा, खरं नुकसान इथे होतं. स्फुरद जमिनीत हलत नाही, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर जिथे पडला तिथेच धरून बसतो, म्हणून स्फुरद-पालाश लागवडीच्या वेळीच मातीआड, मुळाजवळ गेलं पाहिजे. कितीतरी जण डीएपी महिन्या-दीड महिन्याने वरून फेकतात आणि वर म्हणतात यंदा रिझल्ट नाही. युरियाचं बरोबर उलटं आहे, तो पळतो. मातीवर उघडा पडून राहिला की अमोनिया होऊन हवेत जातो, धो धो पावसात टाकला की वाहून नाहीतर खाली झिरपून जातो. ओल असावी, पाणी साचलेलं नसावं, आणि टाकल्याबरोबर मागून डवऱ्याचा (बैलाच्या कोळप्याचा) फेर फिरला पाहिजे. कोरडवाहूला दोन हप्ते, लागवडीला अर्धा आणि महिन्याने अर्धा. ओलीत (पाण्याची सोय) असेल तर तिसरा हप्ता साठ दिवसांच्या आसपास. त्यानंतर जमिनीतून युरिया टाकणं मला तरी पटत नाही.

आणि किती टाकायचा ते बायांच्या मुठीवर सोडू नका. चार फूट बाय दीड फुटावर लागवड असेल तर एकरात साधारण ७,२६० झाडं बसतात. ४५ किलोचं पोतं त्यात वाटलं तर एका झाडाला सहा ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे शिगोशीग चहाचा एक चमचा, बस. मुठीने टाकलं की पहिल्या चार तासांना (ओळींना) भरभरून जातं आणि धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) तासांपर्यंत पोतं रिकामं, मग तिकडची पऱ्हाटी पिवळी दिसते आणि दोष पुन्हा कंपनीला. आम्ही प्रत्येकीच्या हातात चमचा देतो, खोडापासून तीन-चार बोटं लांब टाकायला सांगतो, पहिल्या दिवशी सगळ्या हसतात आणि दुसऱ्या दिवशी सवय होते.

युरियाचा नाद का लागला हेही सांगतो, त्यात कास्तकाराचा दोष कमी आहे. युरियाचा रेट सरकारच्या हातात, ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला. बाकी खतांना २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित सबसिडी आली, सबसिडी ठरलेली आणि किंमत कंपनीची, मग डीएपी हजाराच्या वर गेलं, पोटॅश महागलं, दहा-सव्वीस महागलं. माणूस दुकानात उभा राहिला की हात स्वस्ताकडेच जातो. युरिया टाकला की आठ दिवसात पऱ्हाटी काळीभोर दिसते, रस्त्याने जाणारे थांबून बघतात, मालक खुश. मग लुसलुशीत पानावर मावा, तुडतुडे, पांढरी माशी येते, झाड नुसतं वाढत राहतं, आत हवा खेळत नाही, पाते गळतात आणि फवारणीचा खर्च चालू होतो. म्हणजे खतात वाचवलेले पैसे औषधाच्या दुकानात जमा. शेजाऱ्याची हिरवी दिसते म्हणून आपण एक पोतं वाढवायचं ही सवय आमच्या भागात फार आहे.

सोयाबीनला तर वरून युरियाचा हात लावूच नका, त्याच्या मुळावर गाठी असतात त्या हवेतलं नत्र घेतात, लागवडीला थोडंसं नत्र पुरतं. युरिया जास्त झाला की सोयाबीन कमरेएवढं होतं, लोळतं आणि शेंगा कमी. त्याला स्फुरद आणि गंधक पाहिजे, म्हणून तिथे सुपर डोळे झाकून. तुरीचंही साधारण तसंच.

खत खरं की खोटं हे पण खूप जण विचारतात. खात्री प्रयोगशाळेतच होते, पण घरचे उपाय आहेत. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्या, तंबाखूला लावतो तसा चुना लावा आणि मळा, नाकात झोंबणारा वास आला पाहिजे, इतका की मान मागे जाते. दाणा नखाने सहज फुटत नाही, तव्यावर गरम केला की फुगतो. सुपरचा दाणा फुगत नाही, आणि डीएपी म्हणून सुपर गळ्यात मारतात तिथे हाच फरक कामाला येतो. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि ग्लास हाताला गार लागतो, तव्यावर वितळून जातो, मागे काही उरत नाही. आणि बिल घ्या, दुकानातल्या मशीनवर अंगठा लावल्यावर निघतं ते पक्कं बिल, त्याशिवाय तक्रार करायला हातात काही राहत नाही. युरियासोबत दुसरी बाटली घ्याच म्हणून गळ घालतात त्याला लिंकिंग म्हणतात, ते नियमात बसत नाही, पण पेरणीच्या घाईत भांडायला वेळ कोणाकडे असतो, हे मलाही माहीत आहे. युरिया आणि सुपर कालवून रात्रभर ठेवू नका, पाणी सुटून गच्च गोळा होतो, त्याच दिवशी संपेल एवढंच कालवा.

मग ऑक्टोबरमधे दुसरा लॉट येतो फोनचा, भाऊ पानं लाल झाली, युरिया टाकू का? लाल्या एका कारणाने येत नाही. मॅग्नेशियमची कमी, नत्र संपलेलं, रात्री थंड, पाणी साचलेलं, आणि झाडावर बोंडांचा भार. पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा, लवकर लक्षात आलं तर फरक पडतो, सगळं झाड लाल झाल्यावर नाही. बोंडं भरताना दोन टक्के डीएपीची फवारणी जुनी पण चांगली आहे, पंपाला ३०० ग्रॅम या हिशोबाने रात्री भिजत घालायचं, सकाळी वरचं नितळ पाणी कापडाने गाळून घ्यायचं आणि खालचा गाळ वावरातच टाकायचा. ही दोन्ही एका पंपात मिसळू नका, साका तयार होतो आणि नोझल बसतं, मग भर उन्हात सुईने नोझल टोकरत बसा.

दिवाळीनंतरही एखादा फोन येतोच, पहिली वेचणी झाली, आता काय टाकू? आता काही टाकू नका. वेचणीला बाया मिळत नाहीत आणि रेट किलोवर चाललाय, तो पैसा तिकडे ठेवा.