चरिंजीव

भाच्याची मुंज ठरली आणि पत्रिकेचं काम माझ्याकडे आलं. बहिणीचं म्हणणं सरळ होतं, "दादा, तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस, मग बाहेर कशाला द्यायची?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय खाज मलाही होतीच. पानं लावायचं एक भारी सॉफ्टवेअर मी मध्यंतरी हौसेने घेतलंय. दरमहा त्याचे पैसे खात्यातून जातात आणि दरमहा मी स्वतःला सांगतो की आता जरा नीट शिकून घ्यायचं.

रविवारी जेवण झाल्यावर बसलो. मजकूर बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला होता. तिथून उचलला, इथे चिकटवला. पडद्यावर उमटलं, "श्‌री गजानन प्‌रसन्‌न". त्याखाली "आग्‌रहाचे नमिंत्‌रण". आणि त्याखाली, मधोमध, मोठ्या अक्षरात, "चरिंजीव".

पहिल्यांदा हसूच आलं. चरिंजीव हे एखाद्या काढ्याचं नाव वाटतं. चरिंजीवारिष्ट, जेवणानंतर दोन चमचे, समभाग कोमट पाण्यातून. बायकोलाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण मुंज कोणाची ते कळत नाहीये."

वेलांटीचा हा चावटपणा नवा नाही. पहिली वेलांटी आपण लिहितो अक्षराच्या आधी आणि उच्चारतो नंतर. कॉम्प्युटर ती उच्चाराच्या क्रमाने साठवतो, आधी च, मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना तिला उचलून अलीकडे बसवायचं काम कोणीतरी करायचं असतं. जोडाक्षरांचंही तेच, पाय मोडलेली अक्षरं कोणीतरी एकमेकांत अडकवावी लागतात. कॉम्प्युटरवर जगभरच्या लिपी कशा साठवायच्या ते ठरवणाऱ्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. म्हणजे ही उडी कशी मारायची हे सगळ्यांना कळून तीसहून जास्त वर्षं झाली. माझ्या फोनला येतं. बँकेच्या भिकार अ‍ॅपला येतं. आणि ज्याचं कामच मुळी अक्षरं देखणी लावण्याचं, त्या सॉफ्टवेअरला तेवढं येऊ नये?

येत असणार. कुठेतरी एक बटण असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुख्य म्हणजे ते मी पूर्वी एकदा दाबलेलं होतं. गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीचा अहवाल याच सॉफ्टवेअरमध्ये लावला होता आणि त्यात वेलांट्या जागच्या जागी होत्या.

एफ वन दाबलं. पूर्वी एफ वन दाबलं की त्या प्रोग्रॅमच्या पोटातूनच एक खिडकी उघडायची, बापडी जमेल तसं सांगायची. आता ब्राउझर उघडतो. आधी कुकीज स्वीकारा. मग एक चकचकीत पान आणि त्यावर आनंदाने नाचणारी माणसं. शोधायच्या चौकटीत काय लिहावं, इथेच गाडी अडते. वेलांटीला त्यांच्या जगात काय म्हणतात? मला हवं त्याचं नाव मला माहीत असतं तर मी मदत कशाला मागितली असती? बरीच खटपट करून त्या भागाशी पोचलो, तर तिथे लिहिलेलं साधारण असं, की मजकुराची जुळणी बदलायची असल्यास जुळणीच्या पर्यायांतून योग्य तो जुळणीचा पर्याय निवडावा. एक चित्रही होतं, त्यात जुळणीच्या पर्यायांची यादी. ती यादी कुठून उघडते, हे सांगायचं मात्र राहिलं होतं.

हे लिहिणाऱ्यांचा मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण कळतंही. त्यांना तो वाडा पाठ आहे. कोणती खोली कोणत्या खोलीत उघडते, कुठल्या उंबऱ्याला ठेच लागते, सगळं अंगवळणी पडलेलं. त्यामुळे ते प्रत्येक खोलीची लांबीरुंदी इमानाने लिहून काढतात. दारात उभ्या असलेल्या माणसाला फक्त मोरी कुठेय एवढंच विचारायचं असतं.

व्हिडिओवाले त्याहून थोर. अठरा मिनिटांच्या व्हिडिओत पहिली चार मिनिटं राम राम, शाम शाम आणि सबस्क्राइब करण्यात जातात. मग तो गृहस्थ "यहाँ पर क्लिक करना है" म्हणतो आणि त्याचा बाण पडद्यावर गांधीलमाशीसारखा फिरतो. त्याने जिथे क्लिक केलं तो मेनू माझ्याकडे नाहीच. मधल्या एका आवृत्तीत काढून टाकलाय. पूर्वी जिथे टॉकीज होती तिथून डावीकडे वळा, या जातीचा पत्ता.

डोनाल्ड क्नुथ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या पुस्तकांची जुळणी मनासारखी होईना म्हणून अक्षरजुळणीचा अख्खा प्रोग्रॅम स्वतः लिहिला आणि तो कसा वापरायचा याचं पुस्तकही स्वतःच लिहिलं. आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला तो २.५६ डॉलरचा चेक पाठवायचा. बरेच लोक ते चेक वटवत नसत, फ्रेम करून लावत. ही पद्धत सगळीकडे लागू झाली तर मला नोकरी करायची गरज राहणार नाही.

माझी एक मावशी मिरजेला राहायची. तिच्या घराखाली छापखाना होता. मे महिन्यात आम्ही पोरं तिथे जायचो ते दुपारी खाली थंड असायचं म्हणून. ट्रेडल मशीनचा तो खाडखुड खाडखुड आवाज, रॉकेलचा आणि शाईचा वास, आणि खिडकीपाशी उतरत्या केसपुढे, म्हणजे अक्षरांच्या खणाखणांच्या पेटीपुढे, उभे असलेले जुळारी काका. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, अंगठ्याने शेवटचा खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, दाबून धरलेला, आणि उजवा हात त्या असंख्य खणांवरून भिरभिरत असायचा. काका खणांकडे बघायचेच नाहीत. बघायचे मजकुराच्या कागदाकडे नाहीतर खिडकीबाहेर. कुठल्याच खणावर काही लिहिलेलं नव्हतं. लग्नसराईत "चि." आणि "चि. सौ. कां." आधीच जुळवून सुतळीने बांधून दगडावर ठेवलेले असत. पत्रिका कोणाचीही असो, चिरंजीव तयार.

एकदा त्यांनी मला खिळे सोडायला बसवलं. छापून झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करून आपापल्या खणात टाकायचे. मला वाटलं केवढा मान मिळाला. सगळी दुपार बसून मी ते काम केलं आणि द चे खिळे ध च्या खणात भरले. दुसऱ्या दिवशी एका पत्रिकेचं प्रूफ निघालं त्यात सकाळी आठ वाजता "दार्मिक विदी" होते.

काका ओरडले नाहीत. त्यांनी मला बोलावलं, माझ्या तळहातावर दोन खिळे ठेवले आणि माझा अंगठा धरून दोन्हींवरून फिरवला. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, डोळ्यांना पटकन समजत नाही. अंगठ्याला ध ची गाठ लागली. "हं," म्हणाले, आणि मग माझं मनगट धरून एका खणावर नेलं, "हा." पुन्हा दुसऱ्यावर, "हा." एवढंच. मी दहा वर्षांचा असेन. ते दोन खण कुठे होते ते आजही दाखवीन. ती केस मात्र कधीच मोडीत गेली.

त्या छापखान्याच्याही खूप आधी गणपत कृष्णाजींनी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता बघूनच सगळं उचललं, स्वतःचं यंत्र उभं केलं आणि शाईसुद्धा घरी बनवली. चरबीच्या शाईचं पोथीपुस्तक लोक शिवणार नाहीत म्हणून तिच्यात तूप घातलं, असं म्हणतात. १८४१ साली त्यांनी पंचांग छापलं, मराठीतलं पहिलं छापील. त्यांच्यापुढे कुठलं मॅन्युअल होतं? आता हे उदाहरण माझ्या तक्रारीच्या बाजूने आहे की विरुद्ध, ते मला नक्की सांगता येत नाही.

असो. साडेतीनच्या सुमारास मला आठवलं की गणपतीच्या अहवालाच्या वेळी उपाय सापडला तेव्हा मी तो डायरीत लिहून ठेवला होता. मुद्दाम, पुढच्या खेपेला त्रास नको म्हणून. डायरी शोधली. सप्टेंबर महिना काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं:

"वेलांटी – तेच. कोपऱ्यातून. मग बंद करून उघडणे."

मी ते चार-पाच वेळा वाचलं. तेच म्हणजे काय? कोपरे पडद्याला चार आहेत. आणि बंद काय करायचं, फाइल, सॉफ्टवेअर की दार? खाली रेघ मारून "महत्त्वाचे" असंही लिहिलेलं होतं.

शेवटी चार वाजेपर्यंत थांबलो. सदाशिव पेठेतले एक डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावून देणारे, अण्णा माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांना चारच्या आत फोन करायचा नाही एवढं डॉक्युमेंटेशन मला तोंडपाठ आहे. मधल्या वेळात वैतागून मी मजकुरातल्या ज्या ओळी शहाण्यासारख्या दिसत होत्या त्या तरी हाताने टाइप करून लावत बसलो.

"हां, बोला," अण्णा म्हणाले. मी सांगायला लागलो तर मधेच, "वेलांटी पळतीय ना? मजकूर सिलेक्ट करा. सगळा. केला? आता पॅरेग्राफची छोटी खिडकी असेल बघा. नसेल तर विंडोमधून काढा. तिच्या कोपऱ्यात बारीक रेघा दिसतात? वरचा कोपरा हो, उजवा. दाबा. यादीत खाली 'वर्ल्ड' असं काहीतरी लिहिलंय. बरोब्बर. मारा टिचकी. आली जागेवर?"

आली. सगळं पान एकदम अंग झटकून उभं राहिलं. श्री गजानन प्रसन्न झाला, निमंत्रण आग्रहाचं झालं आणि चिरंजीव सुखरूप परतले. मिनिटभर लागलं असेल.

"अण्णा, हे कुठे लिहिलेलं असतं हो?"

"लिहिलेलं कुठे? सांगितलं ना आत्ता," अण्णा म्हणाले आणि त्यांच्याकडे कप वाजल्याचा आवाज आला.

फोन ठेवून मी डायरी पुढे ओढली. म्हटलं, आता शहाण्यासारखं, पायरीपायरीने लिहायचं. "वेलांटी –" एवढं लिहिलं. मग वाटलं आधी पत्रिका पाठवून टाकू, बहीण सकाळपासून वाट बघतेय. पीडीएफ काढली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. एकेका जोडाक्षराकडे मी कौतुकाने बघत होतो.

पहिलं उत्तर मिरजेच्या मावशीचं आलं. वय ब्याऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

"मुहूर्त ९.२४ चा आहे ना रे? तू ९.४२ छापलंयस."

हाताने टाइप केलेली ओळ. आकड्यांना वेलांटी नसते, म्हणून त्यांच्याकडे मी दिवसभर बघितलंच नव्हतं.