पेपचे बिल्ले : ८६ पैकी ४१

मागची नोंद लिहिली तेव्हा गाडी ३३ वर अडली होती. आता ४१. चौदा बिल्ल्यांची एक मिश्र थप्पी हाती लागली, त्यातले आठ माझ्याकडे नव्हते. पॉपायचा दोस्त विंपी आला, 'ब्लाँडी' चित्रपट्टीतला डॅगवुड आला, पण फँटम काही आला नाही. आपला वेताळ अजून बेपत्ताच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : १९४५ च्या सुमारास केलॉग्ज कंपनीनं आपल्या 'पेप' सिरियलच्या खोक्यातून पत्र्याचे छोटे बिल्ले द्यायला सुरुवात केली. व्यास जेमतेम दोन सेंटिमीटर, वर वृत्तपत्रांच्या चित्रपट्ट्यांमधलं एखादं पात्र. असे पाच संच, दर संचात १८. म्हणजे ९० व्हायला हवेत, पण सुपरमॅन पाचही संचांत आहे; रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेचा प्रायोजक पेपच होता ना! म्हणून वेगवेगळे बिल्ले ८६. कुठलीही थप्पी उचला, त्यात सुपरमॅन निघतोच. माझ्याकडे सात साठलेत. अदलाबदलीत कुणी घेत नाही.

या खेपेचे बहुतेक नग बरे आहेत. हे बिल्ले लिथो, म्हणजे चित्र थेट सपाट पत्र्यावर छापायचं आणि मग साच्यानं गोल कापून कडा मागे वळवायची. त्यामुळे ओरखडा गेला की खाली पांढरा पत्रा चमकतो. डॅगवुडच्या कपाळावर असा एक आहे, भिंगाखाली पाहिला तर केसांच्या बटेसारखाच दिसतो. सोडून दिलं. खरं बघायचं ते मागे, कडेच्या आत तार जिथे अडकवलेली असते तिथे. गंज तिथूनच सुरू होतो आणि पुढून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आता कबुलीजबाब. माझ्याकडे एक जुना सेल्युलॉइडचा बिल्लाही आहे. या जातीत चित्र कागदावर असतं, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा आणि मागून दाबून बसवलेली धातूची कडी. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरातल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीनं १८९६ पासून असे बिल्ले ढिगानं काढले. चित्रकार आउटकॉल्टचा यलो किड हा चित्रपट्टीतला पोरगासुद्धा त्याच काळात सिगारेटच्या जाहिरातीसाठी बिल्ल्यावर चढला. तर मी माझा बिल्ला ओलसर फडक्यानं पुसला. वाटलं, वरून प्लास्टिकच आहे, काय होतंय! पाणी कडेच्या फटीतून आत शिरलं. दोन आठवड्यांनी खालच्या कडेला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला, आणि तो वर चढतोच आहे. तो आता निघणार नाही. लिथोला कोरडं मऊ फडकं चालतं, सेल्युलॉइडला तर तेही जपूनच. आणि सेल्युलॉइड हवाबंद डबीत कोंडू नका. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या धातूलाही खाते. कापराचा वास अचानक वाढला की वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

बिल्ल्यांबाहेरची एकच खरेदी झाली, आणि तीही फसलेली. स्नूपीची एक छोटी मूर्ती. तळाशी १९५८ असं साल कोरलेलं, विकणारा म्हणाला १९५० च्या दशकातली आहे, मी मान डोलावली. घरी आल्यावर खोक्यावरचा अमेरिकन पत्ता नीट वाचला : शेवटी पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड. झिप कोड सुरू झाले १९६३ मध्ये! मूर्तीवरचं साल हे स्नूपीच्या त्या चित्राच्या हक्काचं असतं, मूर्ती घडवल्याचं नव्हे. १९७० च्या दशकातल्या मालावरही तेच १९५८ सर्रास सापडतं. हे मला ठाऊक होतं, हे जास्त लागलं.

त्यापेक्षा देशाची किंवा कंपनीची मोहोर भरवशाची. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' (दोस्तराष्ट्रांच्या ताब्यातलं जपान) असेल तर माल युद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. मिकीच्या वस्तूवर 'वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस' असेल तर ती १९३० च्या दशकातली. 'प्रॉडक्शन्स' आलं की त्यानंतरची. अर्थात मोहोरही नकली मारता येते, म्हणून पत्त्यासारखा दुसरा पुरावा शोधायचाच.

पुढची थप्पी वाटेत आहे, नऊ नग. पाठवणाऱ्यानं टाकलेला फोटो इतका धूसर की सहा ओळखू येतात आणि तीन नाही. त्या तिघांपैकी एकाच्या छातीवर काहीतरी पिवळं दिसतंय. बहुधा आठवा सुपरमॅन.