गांडुळं भरपूर, पण कोणती?

शेतातल्या खड्ड्यात ३४ गांडुळं निघाली आणि लगतच्या जंगलातल्या खड्ड्यात ११. दोन्ही खड्डे एकाच मापाचे: २५ सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद, ३० सेंटिमीटर खोल. शेताचे मालक सकाळपासून आमच्यासोबत होते. आकडे कानावर पडताच त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे मॅडम, माझी माती जंगलापेक्षा सरस ठरली की!" माझ्याबरोबरची विद्यार्थिनी मात्र वही हातात धरून गोंधळून उभी होती. आतापर्यंत जे वाचलं होतं त्याच्या नेमकं उलट तिच्यासमोर घडत होतं.

मातीत गांडुळं दिसली की माती जिवंत आणि जास्त दिसली की जास्त जिवंत, असं बहुतेक जण धरून चालतात. नुसत्या आकड्यावर किती विसंबायचं, हे त्या दिवशी जितकं स्वच्छ दिसलं तितकं क्वचितच दिसतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मोजणीचं काम बघायला सोपं वाटतं. चौकोन आखायचा, माती कापून ताडपत्रीवर काढायची आणि मूठ मूठ माती बोटांनी फोडत गांडुळं वेचायची. पण यात घाई चालत नाही. पिल्लं मुळांच्या जाळ्यात गुंतलेली असतात, अंड्यांचे कोश तर जेमतेम काही मिलिमीटरचे. तुटलेलं गांडूळ सापडलं तर डोक्याचा भाग असेल तरच मोजायचं, नाहीतर एकाचीच दोन होतात. या मापाच्या खड्ड्यातलं एक गांडूळ म्हणजे चौरस मीटरला १६, त्यामुळे एखादं नजरेतून सुटलं तरी हिशेब बराच हलतो.

शेतातली गांडुळं पांढऱ्या ट्रेमध्ये धुऊन घेतली तेव्हाच मला शंका आली. सगळी एकाच अंगकाठीची, फिकट, रंगद्रव्य जवळपास नसलेली. विद्यार्थिनीच्या हातात भिंग दिलं आणि म्हटलं, "डोकं नको बघूस, शेपूट बघ." शेवटच्या वलयांवर ताठ, ठळक दृढरोम, म्हणजे राठ केसांसारखे बारीक काटे, होते, आणि ते सरळ ओळींत नसून एकाआड एक तिरपे बसवलेले. तिने दुसरं उचललं, मग तिसरं, मग ट्रेमधलं प्रत्येक मोठं गांडूळ. सगळ्यांची शेपूट तशीच. अगदी लहान पिल्लांची खात्री प्रयोगशाळेतच होणार होती, पण मोठ्यांबाबत प्रश्न उरला नव्हता.

ही पोन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस. मूळची दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडची. रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून माणसाबरोबर फिरत फिरत ती उष्ण कटिबंधात जवळपास सगळीकडे पोचली आहे. तिला पिल्लं व्हायला जोडीदार लागत नाही, त्यामुळे एकटं गांडूळ नव्या जागी पडलं तरी तिथे वस्ती उभी राहू शकते. कमी सेंद्रिय पदार्थ असलेली, पुन्हा पुन्हा उलथीपालथी होणारी माती इतर अनेक जातींना सोसत नाही, हिला सोसते. म्हणजे ३४ हा आकडा खरा होता, पण त्यात जात एकच होती.

जंगलातल्या खड्ड्यात आधी पालापाचोळ्याचा थर बाजूला करावा लागला. खालची पानं बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली. त्यांच्यातच दोन लहान, तांबूस, चपळ गांडुळं होती. खालच्या मातीत राखाडी, संथ, वेगळ्या बांध्याची. आणि ३० सेंटिमीटरवर, खड्ड्याच्या तळाशी, एक गोल भोक. कडा गुळगुळीत, आतून गडद मातीचं अस्तर. कुणीतरी रोज ये-जा करतं हे बघताच कळावं असं.

तिथे मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओतलं. मोहरीतला तिखट घटक गांडुळाच्या ओल्या कातडीला झोंबतो आणि ते वर येतं. काही मिनिटं काहीच झालं नाही. मग भोकातलं पाणी हललं, गडद रंगाचं डोकं बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा आलं. सबंध बाहेर आलं तेव्हा ते शेतातल्या कुठल्याही गांडुळापेक्षा कितीतरी मोठं होतं. लगेच साध्या पाण्यात टाकून धुतलं, कारण ती जळजळ त्याच्या अंगावर राहू देणं बरं नव्हे. शेताचे मालक वाकून बघत होते. एवढ्या वर्षांत असलं गांडूळ आपल्या रानात कधी दिसलं नाही, असं ते म्हणाले.

फ्रेंच संशोधक मार्सेल बुशे यांनी १९७० च्या दशकात गांडुळांच्या राहणीवरून तीन मोठे गट मांडले: पाचोळ्यात राहणारी, मातीत आडवीतिडवी बिळं करत माती खाणारी, आणि खोल उभं बीळ करून वरचा पाचोळा आत ओढून नेणारी. जंगलातल्या ११ मध्ये तिन्ही गट होते. शेतात फक्त मधला. पाचोळाच नाही म्हटल्यावर पहिला गट राहणार कुठे? आणि तिसऱ्या गटाचं बीळ प्रत्येक नांगरटीत कापलं जातं, वरचं खाणंही मातीआड जातं. अंगाने मोठी, सावकाश वाढणारी ही गांडुळं सगळ्यांत आधी संपतात.

मग दोन्हीकडे लोखंडी कडं ठोकून सारखंच पाणी ओतलं. जंगलात पाणी ओतता ओतता मुरत होतं. शेतात ते कड्यात साचून राहिलं आणि आम्ही घड्याळ बघत बसलो. हा सगळा फरक गांडुळांचाच असं मी म्हणणार नाही. मुळं, वाळवी, मुंग्या, यंत्रांच्या चाकांचा दाब, सगळ्यांचा त्यात हात असतो. पण शेतातल्या कड्याखालची माती कापून बघितली तर वरचे काही सेंटिमीटर गिलाव्यासारखे सलग लिंपलेले होते, आणि ते लिंपण याच गांडुळांच्या विष्ठेचं होतं.

याचं टोक ॲमेझॉनमध्ये दिसलेलं आहे. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ जंगल तोडून कुरणं केली तेव्हा स्थानिक मृदाप्राणी बहुतांशी गेले आणि पोन्टोस्कोलेक्स माजली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती वर्षाला हेक्टरी १०० टनांहून जास्त विष्ठा टाकत होती, आणि मातीतली मोठी छिद्रं अवजड यंत्रं फिरवल्यावर उरावीत इतकी कमी झाली होती. पुढे संशोधकांनी कुरणातल्या मातीचे ठोकळे जंगलात नेऊन ठेवले. वर्षभरात तिथल्या नानाविध प्राण्यांनी ती माती पुन्हा पोकळ केली. मला या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग हा वाटतो. घट्ट करणारं गांडूळ एकटं पडलं की नुकसान होतं. त्याच्या जोडीला फोडणारे, पोखरणारे, पाचोळा ओढणारे असले की तेच गांडूळ उपयोगी ठरतं.

हे सांगितल्यावर मालक थोडे हिरमुसले. मग त्यांनी विचारलं, "गांडूळखताच्या टाकीतली आणून सोडली तर?" हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक शेतात ऐकू येतो. टाकीतली गांडुळं, बहुधा आयसेनिया फेटिडा, कुजणाऱ्या ढिगात राहणारी. उघड्या शेतात ती टिकत नाहीत, आणि खोल बीळ करणं त्यांच्या स्वभावातच नाही. त्यांचं खत शेतात जरूर घालावं. त्यांच्याकडून बिळांची अपेक्षा करू नये.

"मग काय करू, ते तरी सांगा."

मी म्हटलं, "काका, जंगलाच्या कडेची एक पट्टी नांगराविना ठेवा. काढणीनंतरचे अवशेष तिथून उचलू नका, जाळू नका." गांडुळांचा पसरण्याचा वेग वर्षाला काही मीटर एवढाच मोजला गेलाय, म्हणून पट्टी जंगलाला लागूनच हवी, शेताच्या मधोमध तिचा उपयोग नाही. जंगलातली प्रत्येक जात तिकडे येईल अशी हमी मी दिली नाही. काही जातींना झाडांची सावली आणि ठरावीक पाचोळाच लागतो. पोन्टोस्कोलेक्स हटवण्याचा उपायही माझ्याकडे नाही, आणि विष घालून तसा प्रयत्न केला तर बाकीचं उरलंसुरलंही जाईल, हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांनी दहा पावलं रुंदीची पट्टी कबूल केली, मी पंधरा मागितली. बरीच घासाघीस होऊन बारावर ठरलं. खुंट्या त्यांनी स्वतः ठोकल्या. पुढच्या मोजणीच्या तक्त्यात एकूण संख्येच्या आधी तीन रकाने आखले: पाचोळ्यातली, मातीतली, खोल बिळातली. विद्यार्थिनीने आजच्या शेतातल्या खड्ड्याचे आकडे त्यात भरले: ०, ३४, ०.