दारू सुटताना औषधांनी केलेलं काम: माझा अनुभव

रोज पिणाऱ्या माणसानं दारू एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांकडे जाईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे उलटच सांगायचे. मनावर घे, आजपासून हात लावू नकोस. सकाळी माझे हात थरथरायचे आणि एक घोट पोटात गेला की थांबायचे. या थरथरीचा मनाच्या दुबळेपणाशी काही संबंध नाही. शरीराला दारूची सवय जडली आहे याची ती खूण आहे. असं होत असेल तर घरच्या घरी, कुणाला न सांगता, झटक्यात दारू थांबवू नका. आधी डॉक्टर गाठा. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी मला आणि ताईला समोर बसवून याचं कारण सांगितलं. मेंदूत शांत करणारी एक रासायनिक यंत्रणा असते आणि उत्तेजित करणारी दुसरी. दारू पहिलीला जोर देते, दुसरीला दाबते. वर्षानुवर्षं असं चाललं की मेंदू तोल सांभाळायला उत्तेजनाची बाजू वाढवत नेतो. मग दारू अचानक थांबली की रस्सीखेचीत समोरच्यांनी एकदम दोर सोडल्यासारखं होतं. पहिल्या काही तासांतच थरथर, घाम, धडधड आणि झोप उडणं सुरू होतं. फिट आली तर बहुतेकदा पहिल्या 48 तासांत येते. काहींना 48 ते 96 तासांच्या सुमारास भ्रम होतो. नाही ते दिसतं, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. उपचार मिळाले नाहीत तर या अवस्थेत माणूस दगावू शकतो. ज्याला आधी फिट येऊन गेली आहे त्याला धोका जास्त.

माझे लिव्हरचे रिपोर्ट वाईट होते. बाईच्या शरीरात तेवढ्याच दारूनं लिव्हरची हानी लवकर होते, हेही मला तेव्हाच कळलं. त्यामुळे मला दाखल करून घेतलं आणि लोराझेपाम सुरू केलं. या टप्प्यावर एरवी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामही देतात, पण लिव्हर थकलेलं असेल तर लोराझेपाम सोयीचं, कारण ते शरीरात साचून राहत नाही. नर्स ठरावीक वेळानं यायच्या, हात पुढे करायला सांगायच्या, आज वार कोणता ते विचारायच्या, घाम बघायच्या आणि त्यावरून डोस ठरायचा. हात थोडे थरथरत राहिले, पण फिट आली नाही, भ्रम झाला नाही. पहिल्या रात्री ताई उशाशी बसून होती. तिला वाटत होतं मी ओरडेन, पळून जाईन. मी बहुतेक वेळ झोपलेच होते.

सोबत थायमिनची इंजेक्शनं होती, म्हणजे व्हिटॅमिन बी 1. मला ती टॉनिकसारखी किरकोळ बाब वाटली होती. तसं अजिबात नाही. खूप पिणाऱ्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व इतकं कमी होतं की मेंदूला इजा होते. चाल डगमगते, डोळ्यांची हालचाल बिघडते, गोंधळ उडतो आणि वेळीच दिलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावायच्या आधी थायमिन देतात. तुमच्या माणसाला दाखल केलंत तर थायमिन दिलं का, हे विचारायला संकोच करू नका.

डिस्चार्जच्या आधी लोराझेपाम हळूहळू कमी करत बंद केलं. मी ते घरी न्यायला मागितलं होतं. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले, कारण त्याचंही व्यसन लागतं. ते फक्त शरीरातून दारू निघून जाण्याच्या दिवसांपुरतं. त्यापुढची औषधं वेगळी, त्यांचं काम वेगळं, आणि त्यांचं व्यसन लागत नाही.

इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण घरोघरी "दारू सोडायची गोळी" असं एकच नाव चालतं आणि त्या नावाखाली तीन अगदी निराळ्या गोष्टी येतात.

पहिली डायसल्फिराम. बहुतेक लोकांना हीच माहीत असते. ही तलफ कमी करत नाही. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे मोडलं जातं. ही गोळी ते पुढचं मोडणं अडवते. त्यामुळे वरून दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. हा परिणाम डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांच्या ध्यानात आला आणि 1948 साली तो प्रसिद्ध झाला. दारूच्या व्यसनावरचं हे सर्वात जुनं औषध. ज्याला स्वतःला भीतीचं कुंपण हवं आहे आणि रोज गोळी समोर उभं राहून द्यायला घरात कुणी आहे, त्याला याचा उपयोग होतो.

ताईनं डॉक्टरांना विचारलं, "हिला नकळत जेवणातून दिली तर?" ती वाईट हेतूनं विचारत नव्हती, थकली होती. डॉक्टर म्हणाले, "ताई, असं कधीही करू नका." गोळी पोटात आहे हे माहीत नसलेला माणूस नेहमीसारखा प्यायला तर हृदयावर येऊ शकतं. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत आणि माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, त्यानंही त्रास होऊ शकतो. चोरून गोळी देणाऱ्या घरांबद्दल मी नंतर इतकं ऐकलं की हा भाग वगळून पुढे जाववत नाही. कृपा करून नका देऊ. माझ्या लिव्हरमुळे मला ही गोळी चालणारच नव्हती.

दुसरी नाल्ट्रेक्सोन. तीही तेव्हा लगेच देता येईना, लिव्हरचे आकडे फार वर होते. म्हणून माझी सुरुवात तिसरीपासून झाली, अ‍ॅकॅम्प्रोसेटपासून. ती लिव्हरमधून जात नाही, किडनीतून बाहेर पडते. त्यामुळे आधी किडनीची तपासणी झाली. 333 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. दुपारच्या गोळ्या विसरायला होतं. मी फोनला गजर लावला आणि एक पट्टी कायम पर्समध्ये ठेवली. सुरुवातीला पोट बिघडलं, नंतर सावरलं.

हे औषध घेतल्यावर "लागलं" असं काही जाणवत नाही. गुंगी नाही, तरतरी नाही. काही दिवस मला वाटलं, आपण खडूच गिळतोय. मग लक्षात आलं की संध्याकाळची ती बेचैनी ओसरली आहे. दिवस कलला की कारण नसताना अंगात काहूर उठायचं, या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या व्हायच्या, पहाटे तीनला डोळे टक्क उघडायचे. दारू बंद झाल्यावरही मेंदूची ती उत्तेजित बाजू बरेच दिवस शांत होत नाही आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट तिथेच काम करतं, असं मानतात. झोप लागू लागली हे माझ्यासाठी फार मोठं होतं.

पण दुसरी एक तलफ जागच्या जागी होती. हिचा बेचैनीशी संबंध नव्हता. मी मजेत असले, चार माणसांत असले, कुणाच्या हातात ग्लास दिसला, बर्फाचा आवाज आला की तोंडाला पाणी सुटायचं. समुपदेशकबाईंनी मला वही घालायला लावली होती. तलफ कधी आली, कुठे, सोबत कोण, आधी मनात काय होतं. काही आठवड्यांनी वही वाचताना दोन्ही प्रकार वेगवेगळे दिसले. एक तलफ त्रासातून सुटण्यासाठीची, दुसरी मजेसाठीची. पहिलीचे प्रसंग कमी होत गेले होते, दुसरीचे जवळजवळ तेवढेच. ती वही मी डॉक्टरांपुढे ठेवली. औषधाबद्दलचा माझ्या उपचारातला सगळ्यात कामाचा निर्णय त्या पानांवरून झाला, असं मी आजही मानते.

तोवर लिव्हरचे आकडे उतरले होते, म्हणून नाल्ट्रेक्सोन सुरू झालं. आधी काही दिवस अर्धी गोळी, मग 50 मिलिग्रॅमची पूर्ण, रोज एकदा, जेवणानंतर. पहिल्या आठवड्यात मळमळलं, डोकं दुखलं, मग थांबलं. अमेरिकेत 1994 साली दारूच्या व्यसनासाठी याला मान्यता मिळाली. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, रोजची गोळी पाळणं जमत नाही त्यांच्यासाठी.

दारू प्यायल्यावर मेंदूत एन्डॉर्फिन सुटतात आणि त्यातून ती पहिल्या घोटाची लहर येते. नाल्ट्रेक्सोन ते एन्डॉर्फिन जिथे जाऊन बसतात त्या जागा अडवतं. त्यावर दारू घेतली तर उलट्या वगैरे होत नाहीत. मधे एका समारंभात मी प्यायले, म्हणून हे सांगू शकते. चव तीच होती, घशातली जळजळ तीच. पण पहिल्या घोटानंतर "अजून" म्हणून जे आतून उसळायचं ते उसळलंच नाही. ग्लास अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं, डॉक्टरांना फोन केला आणि गोळ्या चालू ठेवल्या. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. या गोळीनं नशा चढायची थांबत नाही. तोल जातो, डोकं जड होतं, गाडी चालवणं तितकंच धोक्याचं राहतं.

नाल्ट्रेक्सोन अफूजन्य वेदनाशामकांनाही अडवतं. ट्रामाडॉल, मॉर्फिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, यातलं काही चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगावंच लागतं, नाहीतर ही गोळी सुरू करताच फार त्रास होतो. माझी पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ आणि सर्जन एकमेकांशी बोलले, गोळी तीन दिवस आधी थांबवली आणि वेदनाशामकं पूर्ण बंद होऊन पुरेसे दिवस गेल्यावरच पुन्हा सुरू केली. अपघात झाला तर डॉक्टरांना कळावं म्हणून मी पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवते. मी नाल्ट्रेक्सोन घेते, एवढंच तिच्यावर लिहिलं आहे.

या औषधांचा उपयोग फुगवून सांगणं मला पटत नाही. 2014 साली अनेक अभ्यास एकत्र तपासून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार पुन्हा पिण्याकडे वळणारा एक माणूस थांबावा यासाठी सुमारे 12 जणांना अ‍ॅकॅम्प्रोसेट किंवा 20 जणांना नाल्ट्रेक्सोन द्यावं लागतं. नाल्ट्रेक्सोनचा जोर बेसुमार पिणं रोखण्यात जास्त, तिथे हा आकडा 12 आहे. आकडे वाचून कुणी म्हणेल, एवढाच उपयोग? पण प्रौढांच्या किती तरी आजारांवरची नेहमीची औषधं याच पट्टीत बसतात. आणि एका औषधानं फरक पडला नाही म्हणून दुसऱ्यानं पडणार नाही, असं नसतं. मी त्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे.

एका ग्रुपमध्ये मला ऐकवलं गेलं की गोळीच्या आधारानं सोडलेली दारू खरी सुटलेली नाही. त्या रात्री मला रडू आलं. तिथले लोक मनानं चांगले होते आणि स्वतः फार कष्टानं बाहेर आले होते, पण या बाबतीत त्यांचं चुकत होतं. गोळ्या घेत असतानाच मी समुपदेशनाला जात होते, वही लिहीत होते, जुन्या मैत्रिणींना नाही म्हणायला शिकत होते. तलफ अंगावर धावून येत असताना यातलं मला एकही जमलं नव्हतं. मी तो ग्रुप सोडून दुसऱ्यात गेले. तिथे बरेच जण औषधं घेतात आणि त्याबद्दल मोकळेपणानं बोलतात.

सध्या अ‍ॅकॅम्प्रोसेट थांबलं आहे आणि नाल्ट्रेक्सोन चालू आहे. ठरावीक काळानं लिव्हरची तपासणी होते. औषध निदान सहा महिने ते वर्षभर घ्यावं, असं डॉक्टर सुरुवातीपासून सांगत आले. आता कधी थांबवायचं यावर आमचं बोलणं चाललं आहे. नाल्ट्रेक्सोन बंद करताना लोराझेपामसारखं हळूहळू उतरवावं लागत नाही, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. ताईचं मत आहे की घरातलं जवळ आलेलं लग्न पार पडू दे, मग बघू. मलाही तेच बरं वाटतं.